पक्ष, साध्य आणि खुनी



‘रहस्यकथा लिहिताना खुनी कोण हे तुला कधी कळतं रे?’ असं सकाळपासून चौघांनी तरी विचारलं. उत्तर सोपं आहे : सगळ्यात आधी.

भूमितीच्या तासाला फळ्यावर पक्ष, साध्य, सिद्धता असे मथळे असत. रहस्यकथेचा लेखक साध्यापासून निघतो. खून कोणी, का आणि कसा केला, हे तो आधी स्वतःसाठी लिहून काढतो. मग उलट चालत मागे काय राहिलं, कोणी काय पाहिलं, कोण कशासाठी खोटं बोललं, हे ठरवतो.

अट एकच. सिद्धतेत वापरायची प्रत्येक गोष्ट आधी पक्षात दिलेली हवी. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतही हेच आहे : खुनी कथेत लवकर भेटला पाहिजे आणि गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवता कामा नये.

मग लपवायचं कसं? उघड्यावर ठेवून. कॉनन डॉयलच्या १८९२ च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये रात्री तबेल्यातून घोडा नेला जातो आणि कुत्रा भुंकत नाही. न घडलेल्या गोष्टीकडे आपलं लक्षच जात नाही. होम्सचं जातं : आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता!

साहित्य आपल्या कामातूनच मिळतं. अ‍ॅगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या. तिथली विषांची माहिती त्यांच्या १९२० च्या पहिल्याच कादंबरीत कामी आली. आपल्यातल्या बँकवाल्यांनी आणि डॉक्टरांनी हे मनावर घ्यावं, लिहिण्यापुरतंच!

खुन्यापेक्षा अवघड असतो तो निर्दोष संशयित. त्यालाही काही लपवायचं असतं : कर्ज, आजार, जुनं प्रेम. तो खोटं बोलतो, पण खून त्याने केलेला नसतो. वर्गात कंपासपेटी हरवली की नजरा कोणाकडे वळायच्या, आठवा. ज्याच्याकडे कंपासपेटी नसायची, त्याच्याकडे. त्या नजरांना पुरावा लागत नसे. चांगली रहस्यकथा वाचकालाही तसाच संशय घेऊ देते आणि शेवटी पुरावा समोर ठेवून तो पुसते. म्हणून खुनी सापडण्याइतकंच बाकीचे सुटणं मला महत्त्वाचं वाटतं.

तुमच्यापैकी कोणी लिहायला बसलंच, तर शेवट आधी ठरवा आणि संशयितांना न्याय द्या.