बंद कारखान्याचा धनी कोण?

(कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्यांपुढील भाषण)



रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची हकिगत खालापूर तालुक्याला नव्याने सांगावयास नको. १९६० साली सार्वजनिक क्षेत्रात स्थापन झालेल्या या कंपनीचे रसायनी येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये घेतला. अग्निबाणांसाठी लागणारे रसायन बनविणारा एक विभाग अवकाश संशोधन संस्थेकडे, ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमकडे, आणि कामगारांच्या हाती स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज! जमिनीला गिऱ्हाईक शोधले गेले. कामगारांना मात्र ‘तुम्ही चालविता का?’ असे विचारण्याची तरतूदच धोरणात नव्हती.

अशी गोष्ट अशक्य कोटीतील नव्हे. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज १९८५ मध्ये बंद पडला. तो चालविण्याची योजना कामगार संघटनेने मांडली, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ती उचलून धरली आणि कामगार भागधारक झाले. पुढे खेळत्या भांडवलाच्या टंचाईने तो पुन्हा बंद झाला हे खरे. परंतु या अपयशाकडे बोट दाखविणाऱ्यांनी मालकांनी बुडविलेल्या गिरण्या पाहून खाजगी मालकीची कल्पना कधी मोडीत काढल्याचे ऐकिवात नाही.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागाचे तत्त्व राज्यघटनेत आले. १९९० चे त्यासंबंधीचे विधेयक मात्र कायदा होऊ शकले नाही. ज्या आजारी उद्योगविषयक कायद्याखाली कमानीची योजना मंजूर झाली, तोही २०१६ मध्ये गेला. त्याच्या जागी आलेल्या दिवाळखोरी संहितेत कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या थकीत वेतनाला तारणदार धनकोंच्या बरोबरीचे स्थान आहे. पण कारखाना कोणाला द्यावयाचा हे ठरविणाऱ्या धनकोंच्या समितीत कामगारांना मत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर कारखाना बंद करण्यापूर्वी घ्यावयाच्या परवानगीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. तेव्हा सरकार आपणहून या दिशेने वळेल, अशी चिन्हे नाहीत.

इटलीने १९८५ मध्येच मार्कोरा कायदा केला. बेकारभत्ता एकरकमी आगाऊ घेऊन बंद पडणारा कारखाना सहकारी तत्त्वावर विकत घेण्याची सोय त्यामुळे तेथील कामगारांना झाली. सरकारी निधीचेही साहाय्य मिळाले. आपल्याकडे मागणी करताना एक भान हवे. द्रुतगती मार्गामुळे खोपोली-रसायनी पट्ट्यात यंत्रांपेक्षा जमीन मोलाची झाली आहे. म्हणून कामगारांना प्रथम खरेदीचा हक्क, तयारीसाठी मुदत आणि बँकेचे कर्ज यांबरोबरच कारखान्याची जमीनही त्याच व्यवहारात असली पाहिजे. नाहीतर गंजलेली यंत्रे कामगारांना मिळतील आणि जमीन बिल्डरला.