आईशी बोला, माझ्याशी नको

(२३ सप्टेंबर, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनानिमित्त प्रभाग संघाच्या सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



दरवेळी मी तुमच्याशी दप्तर, थकबाकी आणि बँकेची प्रकरणं यावरच बोलते. आज थोडं घरचं बोलणार आहे. मधेच आवाज बसला तर सांभाळून घ्या.

माझे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. मला ऐकू येतं. गावात आईला ‘मुकी’ म्हणतात. गटाच्या रजिस्टरात तिचं नाव आहे, लोकांच्या तोंडात नाही. खरं तर तिचा गळा चांगला आहे. जे कधी कानावर पडलंच नाही ते तोंडातून येणार कसं, एवढंच. वडील मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकले, तिथंच शिवणकाम आलं, आज टेलरकाम करतात. आई शाळेत गेलीच नाही. म्हणून आमच्या घरात दोन भाषा एकत्र नांदतात, वडिलांच्या शाळेतल्या खुणा आणि आईनं स्वतः तयार केलेल्या. भुवया वर गेल्या की तो प्रश्न. गावातल्या प्रत्येकाला आमच्या घरी वेगळं नाव. गटाच्या अध्यक्ष म्हणजे मोठी नथ, पोस्टमन म्हणजे खांद्यावरची पिशवी, आणि मी म्हणजे हनुवटीवरचा तीळ.

मी तान्ही असताना आई रात्री माझ्या पायाला दोरा बांधायची, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. मी हलले की तिला जाग. आजी सांगायची, ही पोरगी रडायच्या आधी पाय झाडायला शिकली. बोलायला मी आजीकडूनच शिकले. लोकांना वाटतं, अशा माणसांचं घर शांत असेल. अहो, आमच्याइतकी भांडी अख्ख्या वस्तीवर कुणाची वाजत नव्हती!

माझ्यासारख्या मुलांना इंग्रजीत ‘कोडा’ म्हणतात. १९८३ साली अमेरिकेत त्यांनी स्वतःची संघटना काढली. २०२२ मध्ये त्याच नावाच्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. आपल्याकडे १९९६ चा ‘खामोशी’ आहे, गोव्यातली गोष्ट. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास आईबाप, मनीषा कोईराला त्यांची ऐकणारी मुलगी. तिला गायिका व्हायचं असतं. होस्टेलवर तो पिक्चर बघून मी रडले खरी, पण आमच्याकडे प्रश्न गाण्याचा नव्हता. रेशन दुकानाचा होता, लाईटबिलाचा होता, दवाखान्याचा होता. सहा वर्षांची असल्यापासून मी घरची वकील. शाळेत बाई माझी तक्रार करायच्या आणि मी आईला सांगायचे, ‘बाई म्हणतात पोरगी हुशार आहे.’ तेवढा फायदा मी करून घेतला!

दवाखान्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही.

मी पाचवीत होते, अकरा वर्षांची. आईला फार रक्त जायचं. डॉक्टर आईकडे न बघता मला म्हणाले, “हिची पिशवी काढावी लागेल. सांग हिला.” पिशवी म्हटल्यावर मला बाजाराची पिशवी माहीत. मी खुणेनं सांगितलं, पोटात काहीतरी खराब आहे, कापून काढणार, मग बरं वाटेल. आईनं भुवया उंचावल्या, काय खराब? मी डॉक्टरांकडे पाहिलं, ते पुढच्या पेशंटला तपासत होते. शेजारच्या काकांचं मुतखड्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून मी सांगितलं, खडा. आईनं कागदावर अंगठा दिला. वडील थोडंफार मराठी वाचतात, पण कागद इंग्रजीत होता.

दोन-तीन महिन्यांनी आई एकदा हसत हसत माझ्याजवळ आली. पाळी येत नाही, असं तिनं खुणेनं सांगितलं आणि हातात बाळ धरल्यासारखं करून दाखवलं. तिला वाटलं, दिवस गेलेत. आशाताईंनी डिस्चार्जचा कागद वाचला तेव्हा खरं काय ते कळलं. आणि ते आईला सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. ती रागावली नाही, मारलं नाही. दोन दिवस तिनं हातच हलवले नाहीत.

आज चूक कुणाची याचा हिशोब मी मांडत नाही. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात ते काम द्यायला नको होतं, एवढं म्हणते.

आता गटाचं बोलू, कारण तिथंही हेच चालतं. आईला एकदा कर्ज नाकारलं, तेव्हा गटातल्या बायांनी मला दारातच सांगितलं, “आईला सांग, यंदा जमत नाही.” मी घाबरून आईला सांगितलं, बँक बंद आहे. ती बिचारी किती दिवस बँक उघडायची वाट बघत होती! फिल्डवर मला तीन गटांत बहिऱ्या बाया भेटल्या. तिघींची बचत वेळेवर, अंठा वेळेवर, पण अंतर्गत कर्ज एकीनंही घेतलेलं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “तिची पोरगी आली की सांगू.”

पोरीची वाट बघू नका. तुम्ही गोलात बसताच, तिला तोंडं दिसतील अशी उजेडात बसवा. एका वेळी एकीनंच बोला. माझी आई अक्षर वाचत नाही, पण आकडे आणि नोटा तुमच्या-माझ्याइतक्या ओळखते. व्याज समोर नोटा मांडून दाखवा, हप्त्याच्या तारखेला कॅलेंडरवर गोल करा. दवाखाना आणि कर्जाच्या कागदांसाठी खुणा जाणणारं मोठं माणूस न्या, व्हिडिओ कॉलवर असलं तरी चालेल. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश मोबाईलवर फुकट बघता येतो. सीआरपी ताईंनी निदान पैसे, व्याज, दुखणं, पाळी एवढे शब्द तरी शिकावेत.

कायद्याचंही सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गरिबी हटवण्याच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यात दिव्यांग बाईला प्राधान्य. त्यासाठी निदान ४० टक्क्यांचा दाखला लागतो, म्हणजे युडीआयडी कार्ड काढून घ्या. दिव्यांगांचा वेगळा गट करायचा असेल तर पाच सदस्यही चालतात, आणि त्यात पुरुष असले तरी चालतं. पण गटात आधीपासून असलेल्या बाईला वेगळं काढायची पळवाट म्हणून हे वापरू नका बरं.

आई आज आलीय. ती बघा, तिसऱ्या रांगेत, हिरव्या पातळात. शेळ्यांसाठी कर्ज मागायचंय तिला. जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसा आणि किती पाहिजेत ते तिलाच विचारा. मी तोवर वाढायला मदत करते.