माझे घर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'इंटिरिअर डिझायनर म्हणून माझा प्रवास' असा विषय दिलाय आणि पंधरा मिनिटं दिली आहेत. प्रवासाबद्दल बोलतेच, पण त्याआधी माझ्याकडे या शाळेची एक जुनी थकबाकी आहे, ती भागवते.

आठवीत मराठीच्या बाईंनी 'माझे घर' असा निबंध दिला होता. माझा निबंध त्यांनी वर्गात वाचून दाखवला. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. दारात तुळशीवृंदावन, ओसरीवर झोपाळा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा पारिजातक. वहीच्या शेवटच्या पानावर मी त्या घराचा नकाशासुद्धा काढला होता. बाईंनी लाल शाईने 'उत्तम' लिहिलं आणि मला सगळ्यांसमोर उभं केलं.

ते घर नव्हतं. कुठेच नव्हतं. ओसरी नव्हती, झोपाळा नव्हता. मी राहायचे आत्याकडे, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, आणि 'वडील काय करतात?' असं कुणी विचारलं की 'व्यापार' म्हणायचे.

माझ्या वडिलांची, अण्णांची, टुरिंग टॉकीज होती. आपल्याकडे ज्याला तंबूतला सिनेमा म्हणतात तो. दिवाळी झाली की ट्रकवर तंबू, प्रोजेक्टर, पडदा आणि रिळांचे डबे चढायचे आणि अण्णा, आई, चार-पाच कामगार निघायचे. म्हसवडचा रथ, मग पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीचा खंडोबा, चैत्रात शिंगणापूर. पावसाळा आला की तंबू गुंडाळून ठेवायचा. दिवाळीची आणि मेची सुट्टी, शिवाय जमेल तो शनिवार-रविवार मी तिकडे असायचे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मध्ये कनात, बसायला जमीन. यात्रेच्या रात्री एकामागून एक खेळ लागायचे. 'जय संतोषी माँ' लावला की बायका चपला बाहेर काढून आत यायच्या. बायकांच्या तिकिटांच्या खिडकीवर आई बसायची आणि आई स्वयंपाकाला गेली की मी.

आमचं राहणं पडद्याच्या मागे, एका राहुटीत. एक ट्रंक, दोन गाठोडी, एक स्टोव्ह, एक कंदील. आईचा नियम होता, अंधारात हात घातला तरी काडेपेटी सापडली पाहिजे. गाव बदललं, राहुटीचं तोंड बदललं, तरी काडेपेटी ट्रंकेच्या उजव्या कोपऱ्यातच. पुढे कॉलेजात 'स्टोरेज प्लॅनिंग' या विषयावर तास झाले तेव्हा मला हसू यायचं. आईला तो विषय शिकवायला बोलवायला हवं होतं.

आणि एक सांगते, कारण माझ्या धंद्याचं मूळ तिथं आहे. दुपारी तंबू रिकामा असायचा आणि आत गच्च अंधार. कापडाला कुठे बारीक भोक पडलेलं असलं की त्यातून उजेड यायचा आणि समोरच्या कनातीवर बाहेरचा रस्ता दिसायचा, उलटा. बैलगाडी चाकं वर करून चाललीय, माणसं डोक्यावर चालताहेत, खाली आभाळ. मी तासन्‌तास बघत बसायचे. अण्णा म्हणायचे, "कॅमेरा असाच असतो गं, फक्त याला भिंग नाही." मग दाभण घेऊन ते भोक शिवून टाकायचे, कारण त्यांना अंधार हवा असायचा. मला ते भोक हवं असायचं. आजही कुणाच्या घरात शिरले की मी आधी उजेड कुठून येतो ते बघते. फर्निचर मागाहून.

आता ज्या गोष्टीला मी तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले होते ती. नववीत असताना पुसेगावच्या यात्रेत मी खिडकीवर बसले होते आणि समोर पैसे घेऊन उभी राहिली आपल्याच वर्गातली एक मुलगी. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिने तिकीट घेतलं आणि आत गेली. सोमवारी मी पोटात गोळा घेऊन शाळेत आले. वाटलं, झालं, आता सगळ्या शाळेला कळलं असणार. मधल्या सुट्टीत तिने मला चिंच दिली आणि गणिताची वही मागितली. बस. चाळीस वर्षं ती एक अक्षर बोललेली नाही. ती आत्ता इथेच बसली आहे, तिसऱ्या रांगेत. नाव सांगत नाही. काल रात्री मी तिला विचारलं, "का गं नाही सांगितलंस कुणाला?" तर म्हणते, "अगं, मीच घरी न सांगता पिक्चरला आले होते. तुझं सांगितलं असतं तर माझं फुटलं असतं!"

तर माझं काही फुटलं नाही, पण अण्णांचा धंदा मात्र फुटला. गावोगावी व्हिडिओ आले. आधी दोन खेळ रिकामे जायचे, मग सगळेच. शेवटी प्रोजेक्टर भंगारात वजनावर विकला गेला. त्या वेळी मी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये होते, अंतर्गत सजावटीच्या पदविकेला. तिथवर पोचवलं ते आपल्या चित्रकलेच्या सरांनी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांना त्यांनी मला बसवलं आणि फी कुणी भरली ते आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळलं होतं.

नोकऱ्यांबद्दल फार बोलत नाही. पहिली दोन वर्षं सनमायकाचे तुकडे वहीत चिकटवले. मग काही वर्षं सिनेमाचे सेट केले. सेटवरचं घर म्हणजे तीन भिंती आणि मागे बांबू. मला ते परकं वाटलंच नाही. तिथे मी सुतारांकडून शिकले, ओळंबा धरायला आणि ऐकायलाही. नंतर पुण्यात स्वतःचं काम सुरू केलं.

प्रेरणा कुणाची, असं मुलाखतीत विचारतात. नारी गांधींचं नाव मी घेते. आराखड्यांच्या कागदांपेक्षा जागेवर कारागिरांबरोबर उभं राहून काम करणारा माणूस. लॉरी बेकर यांचं घेते. त्रिवेंद्रमला बसस्टँडजवळ त्यांनी बांधलेलं इंडियन कॉफी हाउस जरूर बघा. विटांचं गोल नळकांडं, आत चढत जाणारा उतार आणि भिंतीलगत पक्की बांधलेली बाकं आणि टेबलं. भिंतीतल्या जाळीतून उजेडाचे ठिपके पडतात. मी तिथे दोन कॉफ्या घेतल्या आणि कनातीवरचा उलटा रस्ता आठवत बसले. पण खरं सांगायचं तर या दोघांच्याही आधी आपले वाडे. कोनाडा, फडताळ, देवळी, खुंटी. वस्तू कुठे ठेवायची हे भिंत बांधतानाच ठरलेलं. खुंटी शब्दावर जरा थांबते.

अण्णा गेल्यावर, 2009 मध्ये, मी आईसाठी पुण्यात फ्लॅट घेतला. जन्मभर राहुटीत आणि भाड्याच्या खोल्यांत राहिलेली बाई; म्हटलं, आपण असं घर करू की बघत राहील. ओटा तिच्या मापाचा केला. मी गिऱ्हाइकाच्या घरी टेप काढते ती आधी स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरासाठी. कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा असला की खांदे दुखत नाहीत. आई पाच फुटांनाही कमी, तिचा ओटा 31 इंचांवर घेतला. बैठकीच्या भिंतीला सागाचं विनियर, वर मॅट पॉलिश. मासिकात फोटो छापून आला त्या घराचा.

आई राहायला आली त्या दिवशी अण्णांचा फोटो हातात घेऊन त्या भिंतीसमोर उभी राहिली. म्हणाली, "इथं एक खिळा मारून दे." मी म्हणाले, "आई, या भिंतीला खिळा नको, विनियर फाटेल. आपण फोटो शेल्फवर ठेवू." ती काही बोलली नाही. शेल्फवरही ठेवला नाही. दोन महिन्यांनी मी पांघरूण काढायला ट्रंक उघडली तर फोटो साडीत गुंडाळलेला, उजव्या कोपऱ्यात, काडेपेटीच्या जागी.

मी विचारलं तेव्हा म्हणाली, "कापडाला खिळा मारता येत नाही. भाड्याच्या खोलीत मालक मारू द्यायचा नाही. म्हटलं, आता लेकीची भिंत आहे." रागाने नाही हो, नुसतं सांगितल्यासारखं. मी इतकी वर्षं लोकांना घरं करून देत होते.

त्या दिवशी खाली जाऊन हातोडी आणि खिळे आणले. मी मारायला लागले तर तिने हातोडी काढून घेतली. पहिला घाव चुकला, विनियरला खोक पडली. ती तशीच आहे. आई 2017 मध्ये गेली. आता तिचा आणि अण्णांचा, दोघांचे फोटो त्याच दोन खिळ्यांवर आहेत.

तेव्हापासून मी प्रत्येक घरात एक भिंत मोकळी सोडते. प्लास्टर आणि साधा रंग. हवे तेवढे खिळे मारा. काही गिऱ्हाइकांना ते आवडत नाही, अर्धवट काम वाटतं. मी भांडते. दोन कामं त्यापायी गेलीही.

तर आता थकबाकी. बाई आज आपल्यात नाहीत, म्हणून शाळेलाच सांगते, तो निबंध खोटा होता. नकाशा मात्र बरोबर होता. परवा काढून बघितला, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला घेतली होती.

आपल्या तुकडीने चित्रकलेचा वर्ग दुरुस्त करून द्यायचं ठरवलंय, त्याचं काम माझ्याकडे आहे. आज सकाळी मापं घेतली. गळणारं छप्पर आधी, बाकीचं नंतर. फळ्यासमोरची लांब भिंत मुलांसाठी, तिला मऊ बोर्ड बसणार, टाचण्या आणि खिळे काहीही चालेल. माझी फी नाही. पण लाकूड आणि मजुरी फुकट येत नाही, तेव्हा चहाला जाण्याआधी खजिनदारांना भेटा. ते दाराशीच उभे आहेत.