पेटीतल्या वस्तूंचे स्वप्नजाळे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणातरी शिकलेल्या बाईंचे भाषण असते. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि भाषणाची सवय नाही. पण गुरुवारच्या हस्तकलेच्या वर्गात गेले काही महिने आम्ही जे गोल जाळे विणतो आहोत, त्याविषयी पुष्कळजणी विचारतात. तेवढेच सांगावे म्हणून मी हो म्हटले. सुईदोऱ्याविषयी बोलायला सातवी पुरते.

बाजारात या वस्तूला ड्रीमकॅचर म्हणतात. वर्गात आम्ही स्वप्नजाळे म्हणतो. मोटारीच्या आरशाला, मुलींच्या खोलीत, भेटवस्तूंच्या दुकानात ते टांगलेले तुम्ही पाहिले असेल. प्लॅस्टिकचे कडे, नायलॉनचा दोरा आणि भडक रंगवलेली पिसे. मला त्यातले एकही आवडलेले नाही, कारण त्यात कोणाचेच काही नसते. मूळ वस्तू मात्र तशी नाही. ते आधी सांगते.

उत्तर अमेरिकेत सुपीरियर नावाचे समुद्रासारखे अफाट, गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याच्या आसपास, अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओ या भागांत ओजिब्वे नावाचे तिथले मूळचे लोक राहतात. फ्रान्सिस डेन्समोर नावाच्या एका बाईंनी त्यांच्यात हिंडून त्यांच्या चालीरीती लिहून घेतल्या आणि १९२९ साली त्याचे पुस्तक छापले गेले. माझ्या थोरलीने त्यातला आपल्या कामाचा भाग वाचून मला मराठीत सांगितला. हे लोक तान्ह्या मुलाला एका लाकडी फळीवर बांधून ठेवीत. फळी पाठीला लावून आई कामाला मोकळी. फळीच्या डोक्याकडे एक कमान असे आणि त्या कमानीला साडेतीन इंचांची लहान लाकडी कडी टांगलेली असत. कड्यात कोळ्यासारखे जाळे विणलेले. जुन्या काळी दोरा असे तो अंगाला खाज आणणाऱ्या एका रानझाडाच्या वाखाचा, पुढे तलम लोकरीचा, बहुधा लाल रंगवलेला. कोळ्याच्या जाळ्यात जे येईल ते जसे अडकते, तसे हवेतले वाईट त्या जाळ्यात अडकावे, बाळापर्यंत पोचू नये, एवढाच त्यातला हेतू.

आणखी एक गंमत. त्यांच्या भाषेत माशाच्या जाळ्याला ‘असब’ म्हणतात, आणि भिंतीवरच्या कोळ्याचे नाव त्याच शब्दापासून निघाले आहे. आपल्याकडेही दर्यात जाळे टाकतो तो कोळी आणि कोपऱ्यात जाळे विणतो तोही कोळीच. कुठे ते सरोवर आणि कुठे आपली पेठ, पण माणसाला सुचले सारखेच.

सन १९६०–७० च्या सुमारास तिथल्या इतर जमातींनीही ही वस्तू आपलीशी केली, आणि मग ती बाजारात गेली ती गेलीच. ओजिब्वे लोकांपैकी अनेकांना हा बाजार आवडत नाही. तेव्हा आपण करतो त्याला ‘त्यांचे जाळे’ म्हणू नये. रीत त्यांच्याकडून घेतली एवढे मात्र कोणी विचारले तर आवर्जून सांगावे. मंडळाच्या विक्रीच्या टेबलावर ही जाळी ठेवावीत अशी मागे सूचना आली होती. माझे मत विरुद्ध आहे. टेबलावर पापड, कुरडया आणि मेतकूट ठेवावे.

आता खरोखर वाईट स्वप्ने त्यात अडकतात का, असे मला विचारतात. मी तसे सांगत नाही. आपणही बाळाच्या मनगटात काळ्या मण्यांची मनगटी घालतो, गालाला तीट लावतो, आणि ताप आला की डॉक्टरकडेही जातो. आई स्वस्थ बसू शकत नाही म्हणून हाताने काहीतरी करते. माझी थोरली नर्सिंग शिकायला पुण्याला गेली, तेव्हा पहिले दोन महिने तिला झोप लागत नव्हती. फोनवर सांगायची की खोलीत सगळे परके आहे, डोळे मिटले की दचकायला होते. इथून मी काय करणार? चिवडा-लाडू पाठवले, ते मैत्रिणींनी खाल्ले. मग तिनेच एकदा या जाळ्याचे सांगितले आणि म्हणाली, “आई, तू कर ना एक, पण आपल्या घरच्या वस्तूंचे.”

घरच्या वस्तू म्हटल्यावर मी सासूबाईंची पेटी काढली. सासूबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्या गेल्यावर आम्ही जावा-जावा पेटी उघडून बसलो होतो. लुगडी वाटली गेली, भांडी वाटली गेली, आणि तळाशी राहिल्या त्या चिल्लर वस्तू. एक पितळी किल्ली, शिवणाचे अंगुस्तान, चष्म्याची एक काडी, दोन घुंगरे, शिंपल्याची चार बटणे. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या की ही अडगळ भंगारात घाला. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही, दोन खोल्यांच्या घरात किती म्हणून ठेवायचे? मी मात्र रुमालात बांधून ठेवले होते.

घुंगरे कसली ते आमच्या घरात ह्यांना माहीत होते. शेत होते तेव्हा पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळ घालीत, तिच्यातली ती दोन. शेत गेले, बैल गेले, एवढे राहिले. अंगुस्तान सासूबाईंचे स्वतःचे, त्यावर सुईने पडलेले खळगे अजून बोटाला लागतात. पण किल्ली कशाची? घरात त्या किल्लीचे कुलूप नाही. ह्यांना विचारले, दिरांना विचारले, कोणालाच सांगता येईना. शेवटी नव्वदीच्या आत्याबाईंना फोन लावला. त्या एकदम म्हणाल्या, “अगं, ती वहिनीच्या फळीवरच्या डब्याची. डब्यात ती मुलांच्या फीचे पैसे साठवायची.” डबा कधीच गेला. माझ्या ह्यांची शाळा ज्या पैशांवर झाली त्यांची ती किल्ली, आणि ती भंगारात निघाली होती! आत्याबाईही मागच्या चैत्रात गेल्या. त्या वेळी विचारले नसते तर आज ती नुसती पितळ राहिली असती, चार आण्यांचीही नाही.

म्हणून वर्गात मी पहिला नियम घातला. जाळ्यात जी वस्तू ओवायची ती कोणाची, कशाची, हे ओवणारीला माहीत पाहिजे. माहीत नसेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी जाऊन बसावे आणि मग सुई हातात घ्यावी. कित्येकजणींचे जाळे त्यामुळे महिनाभर रखडले, पण कोणी तक्रार केली नाही.

आता करण्याची रीत. कड्यासाठी भरतकामाची सहा इंची लाकडी रिंग चालते. त्याहून चांगली म्हणजे बुरुडाकडची बांबूची कामटी. रात्रभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी सावकाश वाकवून दोन्ही टोके एकमेकांवर दोन बोटे चढवून सुतळीने आवळावी आणि सावलीत वाळू द्यावी. ओजिब्वे लोक वाळुंजाच्या जातीच्या झाडाची ओली काडी वाकवतात. आपल्याकडे वाळुंज नदीकाठी असतो, ज्यांच्या गावी असेल त्यांनी आणून पाहावा. कडे तयार झाले की त्यावर जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी गुंडाळायची. अर्धा इंच रुंद आणि दीड वार लांब पट्टी पुरते. मी माझ्या आईच्या इरकलीचा काठ घेतला. एक मात्र सांगते, चांगले धड लुगडे यासाठी फाडू नये. जे विरले आहे, ज्याचा फक्त काठ शाबूत आहे, तेच घ्यावे.

जाळ्याला क्रोशाचा सुती दोरा घ्यावा. नायलॉन सरकतो. सहा वार दोरा कापून मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घ्यावा, म्हणजे गाठ जागेवर बसते. लोकरीची बोथट सुई बरी. कड्याला दोरा बांधून सारख्या अंतरावर आठ फास घालायचे. हा फास नवा नाही. काजे करताना आपण सुई मागून काढून दोऱ्याच्या वळशातून घेतो, अगदी तोच. पहिली फेरी ओढून ताणू नये, दोरा किंचित झोळ खात राहू द्यावा. दुसऱ्या फेरीत फास कड्याला न घालता पहिल्या फेरीच्या दोन फासांमध्ये जो दोरा आहे त्याच्या मधोमध घालायचा. तिसऱ्या फेरीत दुसऱ्याच्या मधोमध. असे करत गेले की घर लहान लहान होत जाते आणि मध्ये रुपयाएवढे भोक राहते. तिथे दोन गाठी मारून दोरा तोडावा. पहिल्या फेरीत जर अंतर कमीजास्त झाले तर ते शेवटपर्यंत दिसते, तेव्हा आधी पेन्सिलीने कड्यावर आठ खुणा कराव्यात. मणी, बटणे विणताविणताच दोऱ्यात ओवायची. जड वस्तू, म्हणजे किल्ली, घुंगरू, या जाळ्यात घातल्या की जाळे खाली ओढले जाते. त्या कड्याच्या खालच्या बाजूला काठाच्या पट्ट्यांनी टांगाव्यात. पिसे हवीत तर कोंबडीची, साबणाने धुऊन, उन्हात वाळवून. रानपक्ष्यांची पिसे विकत घेऊ नयेत.

सोने घालू नये, हे सांगायला नको. पत्र किंवा फोटोही घालू नये, उन्हाने उडतो. आणि तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर तर हे अजिबात टांगू नका. मणी सुटून तोंडात जाईल, दोरा गळ्यात अडकेल. भिंतीवर, हात पोचणार नाही असे, उन्हाच्या तिरिपेपासून बाजूला लावावे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. अध्यक्षीणबाईंच्या परवानगीने सांगते.

आपल्या वर्गात एक वडीलधाऱ्या बाई येतात. त्यांचे नाव घेत नाही. तुम्हा सर्वांना त्या ठाऊक आहेत. हळदीकुंकवाला त्या येतात, पण मागच्या सतरंजीवर बसतात. एका गुरुवारी त्यांनी पदराच्या गाठीतून कुंकवाची एक लहानशी डबी काढली. डबीत कुंकू नव्हते, काळे मणी होते. यजमान गेले तेव्हा मंगळसूत्र तोडले गेले, त्यातले सांडलेले मणी त्यांनी कोणी नसताना वेचून अकरा वर्षे जपून ठेवले होते. नातीसाठी जाळे करायचे आहे, त्यात हे ओवू का, असे त्यांनी मला विचारले.

खोलीत कोणी बोलेना. मग मागून कोणी तरी म्हणाले, “नको बाई, लेकराच्या उशाला असले अशुभ.” दुसरी म्हणाली, “विसर्जन करून टाका ते.” त्या बाई डबी मिटू लागल्या.

भगिनींनो, मला त्या दिवशी राग आला आणि अजून तो पुरता गेलेला नाही. बेचाळीस वर्षे ज्या माणसाशी संसार केला त्याच्या नावाचे मणी अशुभ कसे होतात? ते मणी मंगळागौरीला शुभ होते, बाळंतपणात शुभ होते, यजमानांच्या शेवटच्या दुखण्यात त्या उशाशी जागल्या तेव्हाही शुभ होते. एका सकाळी काय बदलले? आपल्या महाराष्ट्रातच, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाने २०२२ सालच्या मे महिन्यात ग्रामसभा भरवून ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसेच करायला सांगितले. शेतावर राबणाऱ्या बायकांच्या गावाला जे जमले, ते आपल्या शहरातल्या, ग्रंथालय असलेल्या मंडळाला जमू नये?

मी त्यांच्या हातातून डबी घेतली आणि मणी मोजले. एकोणतीस निघाले. जाळ्याच्या पहिल्या फेरीत आठ, दुसरीत आठ, तिसरीत आठ, आणि उरलेले पाच मधल्या भोकाभोवती. बाईंनी स्वतः ओवले, मी फक्त सुईत दोरा घालून दिला, कारण त्यांना आता जवळचे दिसत नाही. ज्यांनी ‘अशुभ’ म्हटले होते त्यांनीच शेवटी कडे धरून ठेवले, हेही सांगायला पाहिजे. विणताना बाई यजमानांविषयी बोलत होत्या. ते तंबाखू किती खात, रागावले की जेवणाच्या ताटावरून कसे उठत, नात झाली तेव्हा दवाखान्यात पेढे कसे आधीच घेऊन गेले. आम्ही हसलोसुद्धा. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव आम्ही कोणी ऐकले नव्हते.

जाळे नातीच्या खोलीत लागले आहे. नात सहावीत आहे. तिने आजीला विचारले म्हणे, आजोबा घोरायचे का?

माझ्या थोरलीचे जाळे तिच्या खाटेवर आहे. झोप आता बरी लागते म्हणते. तो जाळ्याचा गुण की सरावाचा, हे मी विचारत नाही. खोलीतल्या दुसऱ्या मुलींनी किल्लीविषयी विचारले आणि तिने आजीच्या डब्याची हकिगत सांगितली, असे मात्र तिने कळवले.

पुढच्या गुरुवारपासून नवी तुकडी सुरू होईल. दुपारी तीन वाजता, नेहमीच्याच खोलीत. कामट्या बुरुडाकडून मी एकदम आणणार आहे, त्यांचे पैसे वर्गात द्यावेत. येताना मेणाचा तुकडा, बोथट सुई आणि जुना काठ आणावा. दोरा मंडळाकडून मिळेल, मणी मात्र प्रत्येकीने आपापले आणायचे आहेत. आणि त्या बाई या वेळी माझ्याबरोबर शिकवायला पुढे बसणार आहेत.