अब्बांचं कपाट

माझे वडील सुतार होते. जुन्या नाशकात त्यांचं छोटंसं दुकान होतं. शाळेला सुटी असली, की मी तिथं रंधा मारायला बसायचो. पुढं बी.ए. झालो, नोकरी केली, कविता लिहिल्या. पण अब्बांची हत्यारं विकली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. "तुझ्या अब्बांनी १९७२ साली आमच्याकडे केलेलं सागवानी कपाट आहे ना, त्याच्या खालच्या खणात वाईनच्या बाटल्यांसाठी कप्पे करायचेत. मशीनवाल्याला सांगू, की तू येतोस?"

मी गप्प झालो. नाशिकला वाईनचं नवल राहिलेलं नाही. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि पुढं द्राक्षमळ्यांशेजारी वायनरी वाढत गेल्या. मित्राची मुलगी अशाच एका ठिकाणी कामाला आहे. पण आमच्या घरात दारू चालत नाही, मीही कधी घेतली नाही. त्या बाटल्यांसाठी अब्बांच्या कपाटाला हात लावायचा? आणि नाही म्हणावं, तर दुसरा कुणी त्यात कटर घालणार.

दोन दिवसांनी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो.

वाईनची बाटली आडवी का ठेवतात, ते मित्राच्या मुलीनं मला समजावलं. बूच झाडाच्या सालीचं असतं. बाटली फार दिवस उभी राहिली, की ते सुकतं, आक्रसतं, हवा आत शिरते आणि वाईन बिघडते. आडव्या बाटलीत बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाला ही गरज नाही. ऊन आणि उष्णता मात्र कुठल्याच बाटलीला नको. कपाट स्वयंपाकघरात गॅसजवळ होतं, ते आधी आतल्या खोलीत हलवायला लावलं.

बाटलीची जाडी साधारण तीन इंच, लांबी बारा. मी पावणेचार इंचांचे बारा कप्पे धरले. चार सूत जाडीच्या, दहा इंच रुंद फळ्या घेतल्या. दोन आडव्या, तीन उभ्या. आडव्यांना मागून आणि उभ्यांना पुढून पाच-पाच इंच खोल खाचा पाडल्या, फळीच्या जाडीएवढ्याच रुंद. खाचेत खाच बसवली, की जाळी तयार. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे बारा बाटल्यांचं वजन पंधरा किलो झालं. म्हणून जाळीभोवती पेटीसारखी चौकट केली आणि सगळा भार खणाच्या तळावर घेतला. ती पेटी खणात नुसती सरकवली आहे. अब्बांच्या लाकडाला एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. उद्या नको झाली, तर दोन हातांनी ओढून काढायची. अब्बा म्हणायचे, "खिळा ठोकलेलं काम सोडवताना लाकूड फाटतं."

मजुरी मी घेतली नाही. माझ्या पत्नीला हे काम पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. तिला काय सांगावं, ते मला सुचलेलं नाही.

पेटी बसवण्यासाठी खणातली मधली फळी काढावी लागली होती. ती उलटी केली, तर खालच्या बाजूला अब्बांच्या पेन्सिलीचे आकडे. अब्बा दुसरीपर्यंत शिकलेले. पण मापं मराठी आकड्यांत लिहायचे. किती इंच, किती सूत, आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं आडनाव. तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे लिहिता, असं मला कविसंमेलनात अजून कुणीतरी विचारतं. आमच्या घरातलं पहिलं मराठी लेखन हे असं फळ्यांच्या खाली झालेलं आहे.

ती फळी मी मित्राकडून मागून आणली. आता तिच्यावर कागद ठेवून लिहितो. आकड्यांची बाजू खाली ठेवली आहे, हात लागून पुसू नयेत म्हणून.