मतभेद मान्य, पण किंमत कोणाची?



वाद संपत नाही असे दिसले की इंग्रज माणूस ‘ॲग्री टु डिसॲग्री’ म्हणतो. म्हणजे एकमेकांचे मत बदलण्याचा आग्रह उभयतांनी सोडावयाचा. संबंध मात्र तोडावयाचे नाहीत.

१७७० साली जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाने आपले दिवंगत सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या लंडनमधील स्मृतिप्रवचनात हे शब्द योजिले. मोक्ष कोणाला मिळणार हे ईश्वराने आधीच ठरविले आहे, असे व्हाइटफील्ड मानीत; वेस्लींना ते अमान्य होते. तरीही स्नेह टिकला.

परंतु याच व्हाइटफील्डांनी अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत गुलाम बाळगण्याची मुभा मिळावी म्हणून खटपट केली होती. १७५१ पासून ती मिळाली. १७७४ साली वेस्लींनी गुलामगिरीचा धिक्कार करणारी पुस्तिका लिहिली. तीत तडजोडीला जागा नव्हती.

मोक्षाचा वाद त्या दोघांचा होता. तो बाजूला ठेवण्याचा अधिकारही त्यांचाच होता. गुलामगिरीची किंमत मात्र तिसराच मोजत होता, आणि त्याची संमती कोणी विचारली नव्हती.

म्हणून आपल्या बैठकीत हे शब्द कोणी उच्चारले, तर एवढेच विचारावे: या मतभेदाची किंमत कोण मोजणार? आपणच मोजणार असू, तर खुशाल मतभेद ठेवून एकत्र कामाला लागावे. बैठकीबाहेरचा कष्टकरी मोजणार असेल, तर तो वाद मिटविण्याचा अधिकार आपल्याला नाही.