दहा बोटांचे ठसे

श्रोतेहो, खेड्यातल्या माणसाला अंगठा काही नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले, खरेदीखतावर उठवले. तेव्हा मी जर म्हटलं की केवळ बोटांचे ठसे द्यायचे नाहीत म्हणून हजारो माणसं तुरुंगात जायला तयार झाली, तर तुम्ही म्हणाल, "एवढं काय बिघडत होतं? शाईत बोट बुडवायचं आणि टेकवायचं!" याच प्रश्नाचं उत्तर आज शोधायचं आहे.

गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल वसाहतीची. तिथे आपले हिंदी लोक दुकानं चालवीत, फेरी करीत, मजुरी करीत. बरेचसे गुजरातचे आणि तमिळ मुलखातले. पण त्यांत कोकणी मुसलमान होते, थोडे महाराष्ट्रीय हिंदूही होते. गोऱ्या व्यापाऱ्यांना त्यांची चढाओढ सहन होईना. हिंदी लोक चोरून वसाहतीत शिरतात, अशी ओरड सुरू झाली, आणि 22 ऑगस्ट 1906 रोजी सरकारी गॅझेटात एका नव्या कायद्याचा मसुदा छापून आला.

त्यात काय होतं? आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी माणसाने सरकारी दप्तरात नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे आणि परवाना घ्यायचा. तो सदोदित जवळ बाळगायचा. रस्त्यात शिपायाने मागितला की दाखवायचा. परवाना तपासायला पोलीस घरातसुद्धा शिरू शकत. नोंद केली नाही, तर दंड, तुरुंग किंवा हद्दपारी. पहिल्या मसुद्यात बायकांनाही यातून सूट नव्हती. लोकांनी ओरड केली तेव्हा ती सूट मिळाली.

आता आपला प्रश्न पुन्हा घेऊ. ठशांत वाईट काय? त्या काळी दहाही बोटांचे ठसे सक्तीने घेत ते गुन्हेगारांचे. इथे गुन्हा कुणी केला होता? कुणीच नाही. एका विशिष्ट देशात जन्मलेला माणूस, एवढ्यावरूनच त्याला संशयित ठरवलं होतं. कायदा माणसाच्या करणीकडे न पाहता त्याच्या जातकुळीकडे पाहू लागला, म्हणून लोक चिडले.

11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सुमारे 3000 माणसं जमली. अध्यक्ष होते अब्दुल गनी. हाजी हबीब नावाचे वयस्क व्यापारी उठले आणि म्हणाले की हा कायदा आपण मानणार नाही, अशी ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घेऊ. गांधीजी त्या वेळी तिथे वकिली करीत होते. त्यांनी लोकांना आधी बजावलं, की शपथ घेणं सोपं नाही. तुरुंग, उपासमार, घरादाराचं नुकसान, सगळं सोसावं लागेल, आणि बाकीचे गळाले तरी ती ज्याची त्यानेच पाळायची आहे. हे ऐकूनही सभेने शपथ घेतली.

मग गांधीजी आणि हाजी ओजीर अली विलायतेला गेले, मंत्र्यांना भेटले. विलायत सरकारने त्या कायद्याची मंजुरी रोखून धरली. वाटलं, जिंकलो! पण लगेच ट्रान्सवालला अंतर्गत स्वराज्य मिळालं, आणि तिथल्या गोऱ्यांच्या नव्या पार्लमेंटने मार्च 1907 मध्ये जवळजवळ तोच कायदा झटपट मंजूर केला. नव्या हिंदी माणसाला दार बंद करणारा दुसरा कायदाही त्याच साली झाला. लोकांनी पहिल्याला नाव दिलं, 'काळा कायदा'. वसाहतीतल्या सुमारे 13,000 हिंदी लोकांपैकी पाचशेच्या आसपास माणसांनीच मुदतीत नोंद केली.

जानेवारी 1908 मध्ये गांधीजींना दोन महिन्यांची कैद झाली. महिना संपण्याआधीच जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. हिंदी लोकांनी आपखुशीने नोंद करावी, आणि मग कायदा मागे घ्यावा, असा तिचा अर्थ गांधीजींनी घेतला. स्वतः दहा बोटांचे ठसे द्यायला ते निघाले. काल नको म्हणणारा माणूस आज ठसे कसा देतो? मीर आलम या पठाणाचं डोकं भडकलं, आणि त्याने व त्याच्या सोबत्यांनी गांधीजींना काठ्यांनी बेशुद्ध होईपर्यंत मारलं. तरी अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी ठसे दिले. त्यांचं म्हणणं होतं, की जे धाकाने द्यायला लावणं हा अपमान, तेच आपण मोकळ्या मनाने देणं हा सभ्यपणा.

पण कायदा काही हटला नाही. असं वचन आपण दिलंच नव्हतं, असं स्मट्स म्हणू लागले. तेव्हा 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या पटांगणात मोठी लोखंडी कढई मांडली, आणि दोन हजारांहून जास्त परवाने तिच्यात टाकून जाळले. त्या गर्दीत मीर आलमही होता. आपली चूक झाली असं त्याने सांगितलं आणि आपला जुना परवाना जाळायला दिला. गांधीजींनी त्याचा हात हातात घेतला.

लढा पुढे सहा वर्षं चालला. 1912 साली आपले गोपाळ कृष्ण गोखले तिथे गेले. आपल्या मराठी माणसांनी आग्रह धरला, की आमच्याशी मराठीत बोला. आणि गोखले मराठीत बोलले. त्याचं हिंदुस्थानीत भाषांतर गांधीजींनी केलं! पुढे 1913 च्या लढ्यात बायका आणि खाणमजूरही उतरले. 1914 च्या कायद्याने मजुरांवरचा तीन पौंडांचा कर गेला, आपल्या विवाहांना मान्यता मिळाली. पण सगळं मिळालं असं नाही. नव्याने येण्यावरचे आणि प्रांताप्रांतांत फिरण्यावरचे निर्बंध राहिलेच.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवू नये. तिथल्या मूळ आफ्रिकी माणसाच्या गळ्यात पासाची सक्ती आधीपासून होती, आणि हा लढा त्याच्यासाठी नव्हता. पासाचे ते कायदे 1986 साली रद्द झाले. त्यासाठी त्या लोकांना स्वतःचं रक्त सांडावं लागलं.

गुरुजी, वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा फक्त सन पाठ करून घेऊ नका. मसुद्यातली कलमं फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, यांतलं कोणतं कलम तुम्हाला खटकतं, आणि का? देशाने आपल्या वेशीवर पहारा ठेवावा, यात गैर नाही. पण पहारेकऱ्याने येणाऱ्याला काय विचारावं आणि काय विचारू नये, हे ठरवायचं काम आपलं, सगळ्यांचं आहे. कायदा गॅझेटात छापून येतो तेव्हाच तो वाचावा लागतो. ट्रान्सवालच्या त्या दुकानदारांनी, फेरीवाल्यांनी तो वेळेवर वाचला, एकमेकांना समजावून सांगितला, आणि मगच हात मागे घेतला.